मचाणावरचा जावई

परसवाड्याच्या जंगलात आगीवर नजर ठेवणारा मचाणावरचा पहारेकरी शिधा न्यायला माझ्या वनखात्याच्या कचेरीत येई. मी यादी वाचत असे आणि तो खिडकीतून आभाळ बघत असे. "बाबूजी, तो धूर नोहे, मोटारीची धूळ होय." दोनदा त्याने आम्हाला गुरांच्या धुळीमागे पळवले, तरी त्याची खात्री कमी झाली नाही.

मोहाची गळलेली फुले वेचायला दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, आणि तीच आग रानात शिरते. एका चैत्रात त्याला धूर दिसला, तो सासूच्याच मोहाखालचा. त्याने लगेच वर्दी दिली. आग विझली, पण सासू भडकली. "जावई हाय का वैरी? आता आमचा उंबरठा चढू नोका!" लेकीलाही तिने ठेवून घेतले.

पुढल्या मोसमात मी त्याच्या सासूच्या गावी गेलो, तर हा मोहाखाली खराटा मारत होता. जावयाने झाडलोट करावी, हे पाहून गाव हसत होते.

"पाला नसन त जाळतीन काहून?" तो मला म्हणाला.

सासू बाजेवरून बघत होती. शेवटी म्हणाली, "मुळापाशी राह्यलं थोडं, जावईबापू. तेवढं झाडा, अन् जेवाले या."