जोनबाईंचा ‘आटा’

जोनबाई धावून आल्या की बसत नसत. ऐंशी ओलांडलेली ही बाई रोज सकाळी आमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत पळून यायची आणि आपल्या फाटकाशी धापा टाकत ताठ उभी राहायची. गुडघ्यांवर हात नाहीत, कुंपणाला टेकणं नाही. आम्ही न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला घर घेतलं त्याच आठवड्यात मी त्यांना खुर्ची नेऊन दिली. फार्मसीत काम करते मी, माणूस पडायला आलेलं मला कळतं. त्या म्हणाल्या, “थँक्यू डिअर, पण पडायचंच झालं तर मी घरात जाऊन पडेन. लोकांसमोर नाही.”

इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. पण आईच्या वयाच्या बाईला ‘जोन’ म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून जोनबाई. न बसण्यामागचं कारण पुढे एकदा चहाच्या वेळी कळलं. ऑलिम्पिकमध्ये बायकांची आठशे मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा रेषा ओलांडल्यावर काही जणी दमून आडव्या झाल्या. पेपरांनी लिहिलं, बायका कोसळल्या. झालं, ती शर्यतच तीसेक वर्षं बंद पडली. “पुरुष पडला की तो जीव तोडून धावला. बाई पडली की तिला झेपत नाही,” जोनबाई म्हणाल्या. ती शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या ऐन विशीत होत्या. एकदाच परदेशात देशासाठी धावल्या. “पाचवी आले. पण उभी होते,” हे त्या पहिली आल्याच्या थाटात सांगायच्या.

इथवर मला त्या फार आवडायच्या. मग माझी लेक सई आठशे मीटर धावायला लागली, जोनबाई तिला ‘साई, साई’ करत शिकवायला लागल्या, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. घरी मी मराठीत चार प्रश्न विचारावेत आणि पोरीने “फाइन, आई” म्हणून खोलीचं दार लावावं. तीच पोर कुंपणापलीकडे त्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेल्या म्हातारीशी तासन्‌तास बोलत बसायची. भाजी-पोळी माझी, गाडीतून नेणं-आणणं माझं, आणि मनातलं सगळं मात्र जोनबाईंना!

सईच्या पहिल्या शर्यतीला मी टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन शेवटच्या रेषेशी उभी होते. जोनबाई मैदानाच्या पार पलीकडे, वळणावर. तिथे चिटपाखरूही नव्हतं. “शेवटी ओरडायला सगळेच असतात. पोर एकटी पडते ती तिथे,” त्यांचं म्हणणं. दुसऱ्या फेरीत मुली त्या वळणावर आल्या आणि मला ऐकू आलं, “आटा! साई, आटा!” सई अशी सुटली की मी बाटली उघडायची विसरले.

गाडीत मी विचारलं, “जोनबाई आटा कशाला मागत होत्या?”

“आता, आई! इट्स आवर कोड. बाकीच्यांना कळत नाही ना, म्हणून. शी जस्ट कान्ट से ‘त’.”

माझ्याशी मराठीचं एक धड वाक्य न बोलणारी माझी मुलगी शेजारणीला मराठी शिकवत होती. मी तणतणत त्यांच्याकडे गेले. म्हटलं, जीभ दातांना लावायची आणि म्हणायचं, आता. “तेच तर म्हणते मी. आटा.” मी म्हटलं, “अहो, तुम्ही पीठ मागताय.” त्या हसून म्हणाल्या, “मग? आणते ना ती?”

यंदा पानं गळायला लागली तेव्हा त्या हॉस्पिटलमध्ये गेल्या, त्या परतल्याच नाहीत. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, “साईला आणू नकोस. मी आडवी आहे.” खरं सांगते, मला आनंद झाला. जे सईलाही बघू दिलं नाही, ते त्यांनी मला बघू दिलं होतं. मग माझा हात धरून म्हणाल्या, “शनिवारी शर्यत आहे. वळणावर तू उभी राहा. ओरडशील ना?”

“त्यात काय, घरी तेच करते मी.”

शुक्रवारी त्या गेल्या. सई म्हणाली, “आय’ल स्टिल रन.”

शनिवारी मी टॉवेल गाडीतच ठेवला आणि वळणावर जाऊन उभी राहिले. दुसऱ्या फेरीत सई चौथी होती, मुलींच्या गर्दीत अडकलेली. मी पुणेरी खणखणीत मराठीत ओरडले, “आता! सई, आता!” काही फरक नाही. आईचं ओरडणं तिला रोजचंच. ती माझ्यासमोरून निघून चालली. मला इतका राग आला, जोनबाईंचा, स्वतःचा, त्या ‘त’चा! आणि मी सगळा घसा पणाला लावून ओरडले, “आटा! साई, आटा!”

सई सुटली. दुसरी आली.

मी मैदान ओलांडून धावत तिच्यापर्यंत गेले. बाकीच्या मुली जमिनीवर पसरल्या होत्या. सई ताठ उभी होती आणि ढसाढसा रडत होती. मला इतकी धाप लागली होती की मी तिथेच गवतावर बसायला वाकले. तिने माझं कोपर घट्ट पकडलं.

“आई, बसू नकोस. उभी राहा.”

मराठीत म्हणाली. पण तेही जोनबाईंचंच. मी मुकाट्याने उभी राहिले.