जमिनीवर उतरलेला नकाशा

वर्तमानपत्राच्या कामासाठी आम्ही लातूरहून अहमदपूरला आलो तेव्हा मुलगी तिसरीत होती. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी उत्तर दिशा विचारली. तिनं छताच्या पंख्याकडे बोट केलं. वर्ग हसला.

दुसऱ्या सकाळी ती दप्तर घेऊन घराच्या उंबऱ्यावर बसली आणि उठली नाही. "मला लातूरच्याच शाळेत जायचंय."

समजावून काही होईना, म्हणून बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "उद्या आणा. तिला काही विचारणार न्हाई. तुम्ही पण बसा."

मी सोबत बसणार म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ती आली. वर्गात लातूर जिल्ह्याचा नकाशा खिडकीशेजारी टांगलेला होता. बाईंनी मुलीकडे पाहिलंही नाही. बाकीच्यांना विचारलं, "निलंगा कुठं हाय रे? बोट दाखवा."

निलंगा नकाशात अगदी खाली. सगळ्या वर्गानं फरशीकडे बोटं केली.

"असं? मंग निलंग्याला काय बोअर पाडून जायचं?"

मुलं हसली. या वेळी माझी मुलगीही हसली.

बाईंनी नकाशा उतरवून पटांगणात अंथरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले. इथल्या घरांत वावराच्या खुणा सूर्यावरूनच सांगतात, उगवतीचा बांध, मावळतीची विहीर. "उगवत कुठं?" हे सगळ्यांना ठाऊक होतं. नकाशाची पूर्वेची कड तिकडे येईपर्यंत मुलांनी तो फिरवला.

"आता नांदेड कोण दाखवतं?"

नांदेड त्या नकाशात नव्हतंच. मुलं वाकून शोधत राहिली. माझी मुलगी उठली, कडेबाहेर मातीत थोडी पुढं जाऊन थांबली. "इथं. मामाकडं जाताना एसटी इकडंच जाते."

"हाव, बराबर हाय," शेजारची पोरगी म्हणाली.

शाळा सुटल्यावर आभार मानायला थांबलो. बातमीत आभारांना जागा नसते, म्हणून ते इथं नोंदवतो. बाईंनी तेव्हा ते घेतले नाहीत. "राहू द्या हो. नकाशा टांगायला हात लावा."

मी खुर्चीवर चढून जुन्या खिळ्याकडे हात नेला.

"तिथं नको, पप्पा," मागून मुलगी म्हणाली. "त्या भिंतीला लावा. उत्तर तिकडं आहे."

बाईंनी खणातून नवा खिळा काढून माझ्या हातात दिला.