चर्चच्या क्रुसावर अक्काची विभूती

अक्का मेलेल्या माणसांशीसुद्धा भांडायची. दर सोमवारी रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, जाऊन नवऱ्याच्या समाधीला दम द्यायची, "बरं बसलाव हितं गार! पोरं माजं ऐकंनात, तुमाला काय त्येचं?" आम्हा लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात. त्यामुळं भांडायला माणूस समोरच असतो.

पण हुमनाबादजवळ, हमरस्त्याला लागून असलेल्या त्या जागेवर शेजारच्या ढाब्याच्या लॉऱ्या उभ्या राहू लागल्या. समाध्यांवर डिझेल गळत होतं आणि पंचायत डोळे मिटून बसली होती. निर्लज्ज! मी पत्रकं छापून वाटली. लोकांनी त्यात भजी बांधून नेली. अक्काला एकच घोर : "त्येंच्या शेजारची जागा माजी हाय. थितं टायर हाय. मी कुटं बसू?"

त्या हिवाळ्यात आम्ही बचत गटाच्या बायका गोव्याला गेलो. समुद्राकाठचं जुनं चर्च आम्ही माना वर करून बघत होतो. अक्का थेट मागच्या कबरस्तानात शिरली. मी पोचेपर्यंत तिनं एका दगडी क्रुसावर विभूतीची तीन बोटं ओढली होती. कबर पुसायला आलेली म्हातारी समोरच उभी!

"उघडं कपाळ बरं दिसंना बगा," अक्का तिलाच म्हणाली. "आन् ह्येंना आडवं कामून झोपवलंय? आमच्यात बसवतेत."

म्हातारी हसत सुटली. "माझो घोव तो. जन्मभर होडी ओढली, आता निजूं दे गे!"

दोघी पायरीवर टेकल्या. "हितं कुणी लॉरी लावत न्हाई व्हय?"

"कोण लावील? सांजेला आमी बायका मेणबत्त्या लावतांव."

परतीच्या बसमध्ये अक्कानं मला हुकूम सोडला, "तुजी उरलेली कागदं आन."

सोमवारी सांजेला बायका पणत्या घेऊन निघाल्या. अक्कानं माझ्या पत्रकांचा वाऱ्याला आडोसा केला आणि पणत्या थेट लॉऱ्यांच्या चाकांशी मांडल्या.

"अक्का, मागण्या आहेत त्यात माझ्या!"

"मग? उजेडात तरी वाचतील."

ड्रायव्हरांनी वाकून वाचलं, चपला काढल्या आणि गाड्या मागं घेतल्या. भक्तीनं म्हणा, की डिझेलच्या टाकीच्या भीतीनं. ढाबेवाला काही सोमवार ओरडला, मग दमला. पुढं पंचायतीनं कुंपण घातलं आणि फोटोत पंचायतच सगळ्यांच्या पुढं उभी राहिली. त्यावरही मी पत्रक काढलंय.

यंदा अक्का गेली. नवऱ्याशेजारची जमीन टायरांनी दगडासारखी झाली होती. खणणारे घामाघूम झाले, पण कुणी कुरकुरलं नाही. अक्काला ऐसपैस मांडी घालता आली.