येते हं

ताईच्या बाळाला पाहायला आई आणि मी परदेशी जाणार होतो. "परत येणार, हे ठासून सांग," असं मी आईला आठवडाभर पढवलं होतं. तिच्यावर चिडलोही होतो. व्हिसाच्या खिडकीत मात्र काचेपलीकडचा साहेब नुसते कागद चाळत राहिला. काम झालं असं वाटून आईने हात जोडले.

"बरं, येते हं."

दुभाषी बाईंनी ते शब्दशः सांगितलं. साहेब गोंधळला. आत्ताच तर आल्या, पुन्हा कुठे येतात? बाई हसून म्हणाल्या, आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. परत यायचं असतं ना! साहेबही हसला, काहीतरी बोलला. बाई आईकडे वळल्या.

"दोघांचाही व्हिसा मिळाला, आजी. या!"

केवढी हमी आहे त्या एका शब्दात! मी मात्र कित्येक वर्षं सकाळी नुसतं दार ओढून बाहेर पडतो, आणि आई बंद दाराला "ये रे" म्हणते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना मी उंबऱ्यातून मोठ्याने म्हणालो, "आई, येतो गं!"

"ये," ती आतून म्हणाली. "पण तुझा व्हिसा कालच झालाय ना?"