चेअरमनच्या रानाला पाणी शेवटी

मंडळी, आज श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावात पाणी सोसायटीचा चेअरमन निवडायचा होता. इच्छुक चौघं.

सभेत म्हातारे बबनतात्या उठले. "येक इचारू का? चेअरमनच्या रानाला पानी समद्यांच्या मागनं, ह्यो नेम अजून हाय ना?"

"हाय," मी म्हणालो.

हा नेम पहिल्या चेअरमननं, म्हणजे माझ्या वडिलांनी घातला. बाहत्तरच्या दुष्काळात पाणी आमच्यापर्यंत पोचलंच नाही. ऊस वाळला. आईनं कित्येक दिवस अबोला धरला. सोसायटी मात्र फुटली नाही.

चहा येईपर्यंत तिघांनी माघार घेतली. उरल्या सुमनवहिनी. त्यांचं रान तसंही पाटाच्या शेवटाला आहे.

तुमच्या संस्थेत हा नेम लावला तर किती उमेदवार उरतील?