रिलिव्हर आल्याशिवाय

रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, जे जळेल ते माझ्याकडे येतं. माणूस मोटार खाली ठेवतो आणि ती कशी जळली ते सांगत बसतो. मोटार दुरुस्त होऊन घरी जाते, गोष्ट मात्र माझ्या फळीवरच राहते. ती न्यायला कोणी परत येत नाही! अशानं फळी भरत गेली. आज त्यातला एकच कोपरा झाडतो, नंदूचा. काही किस्से तो होता तेव्हाचे, काही तो गेल्यानंतरचे. तिखट-मीठ मी लावणारच, सवय आहे. पण जळल्याचा वास येईल तो खरा समजा.

*

माझा भाचा पुण्याला जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारून गेला. त्यात एक गेम होता. आपण एका कबरस्तानाचे रखवालदार. गाढवाच्या गाडीतून मढी येतात. ती पुरायची, नाहीतर कसलंसं औषध पाजून उठवायची आणि कामाला लावायची. दगड फोड, लाकूड तोड, द्राक्षं लाव! उठलेलं मढं जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही, सुट्टी मागत नाही.

नंदू एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑपरेटर. फर्स्ट शिफ्ट संपली की पूल ओलांडून माझ्याकडे चहाला यायचा. त्यानं पहिल्यांदा हा गेम पाहिला तेव्हा चहाचा कप हातातच राहिला. मग म्हणाला, "व्हय रे सुऱ्या, म्हणजे हे सगळे कॉन्ट्रॅक्टवर हायेत!"

त्या दिवसापासून तो गेम त्याचा झाला.

*

उठवलेल्या मढ्याला नाव देता यायचं. लाकडं तोडायला नंदूनं माझं नाव दिलं, कारण ते मढं सगळ्यात हळू चालायचं! द्राक्षांना त्याच्या सुपरवायझरचं नाव. "त्याला उन्हात उभा केलेला एकदा बघायचाय," म्हणाला.

दगडाच्या खाणीवर मात्र त्यानं स्वतःचंच नाव टाकलं. इंग्रजी अक्षरांत, हातोडा घेतलेल्या त्या हडकुळ्याच्या डोक्यावर, नंदू.

"अरे, स्वतःला कशाला राबवतोस?"

"घरी बायको सांगते, कंपनीत साहेब सांगतो. हितं निदान नंदूचं नंदूच ऐकतो!"

*

आमच्यात एक गजा पेंटर. पेणचा. गणपतीच्या कारखान्यात त्याचं काम एकच, डोळ्यांची आखणी. गणपती गेले की मोकळा, मग आठवड्यातून एकदा रोह्याला बहिणीकडे यायचा. जेवण बहिणीकडे, बैठक माझ्याकडे.

त्यानं स्क्रीनला नाक लावून ती मढी नीट न्याहाळली. डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी. मान हलवत म्हणाला, "माल अर्धवट सोडलाय. आखणी राहिली हाय!"

नंदू म्हणाला, "राहू दे. डोळे आखलेस तर घराकडे बघतील."

आम्ही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं.

*

आता शशी. हाही पेणचा, आणि कंपनीत नंदूचा रिलिव्हर. सुट्टीच्या दिवशी कधीमधी तोही माझ्याकडे गेम खेळायला यायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. केमिकलचा प्लान्ट बंद होत नसतो. तुमची शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत पॅनल सोडून हलायचं नाही. तो पुढचा माणूस म्हणजे रिलिव्हर. तो आला नाही तर तुम्ही तिथंच.

आणि शशी जन्मात कधी वेळेवर आला नाही! कधी गाडी लेट, कधी हायवे जाम, आणि काहीच नसेल तर वडखळला म्हैस आडवी आली. एकच म्हैस, वर्षानुवर्षं!

"त्या म्हशीला एकदा भेटायचंय मला," नंदू म्हणायचा. "तिच्या पाया पडेन. माझ्या बायकोपेक्षा तीच मला जास्त वाट बघायला लावते."

शशी धापा टाकत यायचा, बॅग ठेवायचा आणि चार्ज घेताना विचारायचं ते विचारायचा, "काय चालू, काय बंद?"

नंदूचं उत्तर ठरलेलं. "सगळं चालू. मीच काय तो बंद पडायचा राहिलोय."

शशीवर तो कधी चिडला नाही. घरी वहिनी मात्र ताटावर ताट झाकून बसलेल्या असायच्या. भात पुन्हा गरम केला की त्याला लागतो तो वास नंदूला आवडतो, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. नंदूला तो अजिबात आवडत नसे!

*

हाच नियम त्यानं गेममध्येही लावला. एखादं मढं कामावरून काढायचं तर आधी दुसरं तिथं आणून उभं करायचं. गेममध्ये असलं काही नाही. मढं उचललं तर काम थांबतं, बस.

एकदा मी खाणीवरचं मढं सरळ उचललं. नंदू ताडकन उठला. "रिलिव्हर कुठाय?"

"अरे, दगड हायेत ते! पळून जाणार हायेत?"

"दगड असले म्हणून काय झालं? कुणीतरी बघायला नको?"

चहा अर्धा टाकून गेला. दुसऱ्या दिवशी मी दुसरं मढं उठवून खाणीवर नेलं, मग पहिलं उचललं, तेव्हा कुठे गडी बसला. पुढे माझ्याही हाताला तेच वळण लागलं. रिलिव्हर आणल्याशिवाय कुणाला उचलवेना.

*

नंदू गेला तो साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. दुपारी गरम गरम जेवला, आडवा झाला, तो उठलाच नाही. कंपनीत नाही, वाटेत नाही, घरी. कुणाची चूक नाही. डॉक्टरनंही तसंच सांगितलं.

सगळी तयारी झाली. म्हातारी माणसं घाई करायला लागली, उन्हं कलायला आली होती. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "थांबा जरा. शशीभावजी यायचेत. ते आल्याशिवाय हे कधी निघालेत?"

सगळे थांबले.

शशी आला. उशिरा. नंदूच्या पायाशी उभा राहिला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "नंदू, सॉरी रे, वडखळला..."

त्यानंतर तो माझ्या दुकानात यायचाच बंद झाला.

*

काही महिन्यांनी वहिनी मिक्सर घेऊन आल्या. मोटार जळली होती. मी खोलून बघत होतो आणि मागे कॉम्प्युटरवर गेम चालू होता. वहिनींची नजर गेली. मी बंद करायला धावलो, पण त्यांनी अक्षरं वाचली होती.

"हे हायेत?"

"नाय वहिनी, खेळातला हाय. नुसतं नाव."

"काय करतायत?"

"दगड फोडतो."

"सुट्टी?"

मी म्हटलं, "दुकान बंद केलं की गेमपण बंद. सगळं जिथल्या तिथं थांबतं."

"जिथल्या तिथं म्हणजे हातोडा वर असला तर वरच?"

"...वरच."

त्यांनी मिक्सरच्या रिकाम्या पिशवीची घडी केली. "सुरेशभावजी, मिक्सरची घाई नाय. पण यांना उतरवा. हातोडा वर धरून किती दिवस उभं ठेवणार? मी बुधवारी येते."

*

उतरवणं म्हणजे दोन बटणांचं काम. उचलायचं, कबरीत ठेवायचं, वर माती. पण माझा हात जाईना. रिलिव्हर कुठाय?

लाकडावरचा मी होतो, पण मला उचललं तर लाकडं कोण बघणार? म्हणजे नवीन मढं उठवायला हवं, आणि त्याला नाव हवं. नाव दिल्याशिवाय नंदूनं कधी कुणाला कामाला लावलं नव्हतं.

बैठकीला आलेल्या गजाकडे मी बघितलं.

"माझं नको हां," गजा दचकला. "पोरीचं लगीन ठरतंय. त्यानं स्वतःचं नाव टाकलं आणि काय झालं बघितलंस ना?"

"तो खेळ हाय रे!"

"मग तुझं टाक दुसऱ्यांदा."

मी म्हटलं, एका गेममध्ये एकच सुऱ्या पुरे! आम्ही दोघेही भेकड. मंगळवारपर्यंत खाणीवर नंदूच होता.

*

बुधवारी सकाळी गजाचा पेणहून फोन. "मी काय येत नाय. गाड्या बंद हायेत, रुळांचं काम चाललंय. आणि हायवेला ट्रेलर आडवा पडलाय, पाखरू हलत नाय! शशीला मात्र काल सगळं सांगितलंय."

दुपारचं जेवण आटोपून वहिनी आल्या. मिक्सर तयार होता. त्यांनी तो बघितलाही नाही. स्टूल ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या. मी गेम लावला. नंदूचा हातोडा वर होता, तो खाली आला. पुन्हा वर गेला.

"अजून उतरवलं नाय?"

मी रिलिव्हरची अडचण सांगायला लागलो.

एवढ्यात दारात सावली पडली. शशी! अंगात कंपनीचा युनिफॉर्म, खांद्याला ड्युटीची बॅग. खरं तर बुधवार म्हणजे त्याची साप्ताहिक सुट्टी. हायवे सोडून आडवाटेनं चालत आल्यासारखी पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं लाल. त्यानं बॅग कोपऱ्यात ठेवली, मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसला. नवीन मढं उठवलं. एकेक अक्षर शोधत नाव टाकलं, शशी. ते खाणीवर नेऊन नंदूच्या शेजारी उभं केलं.

मग स्क्रीनकडे बघत म्हणाला, "काय चालू, काय बंद?"

हातोडा वर गेला, खाली आला.

"सगळं चालू हाय," वहिनी म्हणाल्या.

शशीनं नंदूला उचललं. गेममधला रखवालदार त्याला खांद्यावर घेऊन हळूहळू नदीकडच्या कबरींच्या रांगेत गेला. खड्डा, माती, वर एक फुलझाड. खाणीवर दुसरा हातोडा चालू झाला होता.

तेवढ्यात बाहेर, पुलापलीकडे, शिफ्ट बदलायचा कंपनीचा तीनचा भोंगा झाला.

वहिनींनी डोळ्याला पदर लावला, उठल्या, मिक्सर पिशवीत घातला. दारात थांबून मागे वळल्या.

"आज वेळेच्या आधी आलात, भावजी?"

शशीनं स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"आज म्हैस नव्हती, वहिनी."