दाढेखालचा गहू

जगातल्या गव्हाच्या व्यापाराचं भवितव्य काही वर्षं अकोल्यातल्या एका माणसाच्या डाव्या दाढेखाली होतं. जगाला याची कल्पना नव्हती, ही गोष्ट वेगळी.

मी ज्या पीठगिरणीत इंग्रजी पत्रं लिहायचो, तिथली खरेदी दाढभाऊंच्या शब्दावर होई. ते पोत्यातले चार दाणे तोंडात टाकत. पहिल्या चाव्याला ‘कट्’ वाजलं तर गहू कोरडा. मग डोळे मिटून चावत राहायचं. चिकट गोळी जमली तर पोळी चांगली. तेवढा वेळ कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. अकोटच्या एका व्यापाऱ्याने मध्येच भाव विचारला, तर भाऊंनी दाणे थुंकले आणि नवे चार घेतले.

काळ्या समुद्राकडे लढाई पेटली तेव्हा ते मोबाइलवर बातम्या मन लावून ऐकत. “तिकडची बोट अटकली तं इकडची पोयी महाग होते. शेजारीच हायेत ना ते आपले!”

पुढे त्याच शेजारातलं एक शिष्टमंडळ गहू विकायला आलं, तेही मे महिन्यात. सोबत पाच किलो नमुना आणि भेट म्हणून गव्हातला ओलावा मोजायचं यंत्र. शेटजींनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, “भाऊ, यंत्र आलं की तुम्ही आराम करा.” भाऊ नुसते “बरं” म्हणाले. त्या दिवशी त्यांचा जेवणाचा डबा तसाच घरी परत गेला.

दोन राष्ट्रांच्या मैत्रीवर तीन भाषणं झाली. त्यातलं एक मीच लिहिलं होतं. तोवर यंत्र मांडवात तापत होतं. शेवटी त्याने गहू ओला असल्याचं जाहीर केलं. पाहुण्यांचे चेहरे पडले. ओला गहू स्वस्तात मिळणार म्हणून शेटजी खुलले. भाऊंनी न विचारताच चार दाणे तोंडात टाकले.

कट्.

“शेटजी, गहू वायेल हाये. यंत्राले ऊन लागलं. खिशात कांदा ठेवा त्याच्या.”

“भाऊ, तुम्ही कोणाच्या बाजूने?” शेटजी हळूच म्हणाले.

“मी तं चावून राहिलो. बाजू तुमी पाहा.”

मी भाषांतर केलं. पाहुण्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्याने चार दाणे घेतले आणि डोळे मिटले. दोघे समोरासमोर चावत बसले. मग म्हाताऱ्याने तळहातावर आपली गोळी काढून दाखवली, भाऊंनी आपली. त्यानंतर माझी गरज कोणाला पडली नाही. तासभर कूलरसमोर ठेवल्यावर यंत्रानेही मत बदललं.

आरामाचा विषय शेटजींनी पुन्हा काढला नाही. दोन वर्षांनी भाऊ स्वतःच राजीनामा लिहून घ्यायला आले.

“कारण काय लिहू?”

“दाढ पडली, लिवा.”

तसंच लिहिलं.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. बाजारात आजही गव्हाच्या ढिगाजवळून जाताना माझा हात चार दाण्यांकडे जातो. मला त्यातलं काही कळत नाही, तरी डोळे मिटतात.

आयात शुल्क काही कमी झालं नाही आणि पाहुण्यांशी झालेला तो खरेदीचा करार कागदावरच राहिला. परदेशी गहू आला तो नमुन्याचा, पाच किलो. तो तेव्हाच भाऊंच्या घरी गेला आणि वहिनींनी दळून आणला. पोळ्या वातड झाल्या.